वर घर, खाली फ्युनरल होम

रानजाई

माझे बाबा गेले त्याला येत्या आषाढात नऊ वर्षं होतील. इथे न्यू जर्सीत, माझ्याकडे राहायला आले असताना गेले. पहाटे इस्पितळातल्या नर्सनं हात हातात घेऊन सांत्वन केलं आणि पुढचाच प्रश्न विचारला, "कुठल्या फ्युनरल होमला कळवू?"

फ्युनरल होम म्हणजे अंत्यसंस्काराची सगळी व्यवस्था बघणारी इथली संस्था. मला उत्तर देता येईना. दादरच्या आमच्या चाळीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. तिथे दोन-तीन कर्त्या माणसांना उठवायचं, म्हणजे तिरडीचं सामान, भटजी, शववाहिनी, दाखला सगळं तेच बघतात. घरच्यांनी फक्त बसून राहायचं. इथे माझ्या ओळखीत असं कर्तं माणूस कोण, हेच आठवेना. शेवटी एका गुजराती शेजाऱ्यांनी नाव सांगितलं. पत्ता ऐकला तर आमच्याच गावातला. ते घर मी अकरा वर्षं रोज बघत होते. पांढरं, लाकडी, दुमजली, पुढे रुंद ओसरी, वरच्या खिडकीत जिरॅनियमच्या कुंड्या. मला ते एखाद्या जुन्या वकिलाचं घर वाटायचं.

वरच्या मजल्यावर ते कुटुंब राहतं आणि खालच्या मजल्यावर फ्युनरल होम चालतं. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, घराण्यातली चौथी पिढी. त्यांनी आधी कागद काढले नाहीत, दर सांगितले नाहीत. विचारलं, "अग्नी कोण देणार? अंघोळ तुम्ही घालणार की आम्ही? आणि त्यांना काय लावायचं नाही?" मग एक जाड वही उघडली. त्यात गुजराती, तेलुगू, पंजाबी, तमिळ घरांच्या रीती लिहून ठेवल्या होत्या. तूप कुणाला लागतं, नारळ कुणाला लागतो, कपाळाला काय लावतात. निम्मी वही त्यांच्या वडिलांच्या अक्षरात होती. मराठी असं पान नव्हतं. ते त्या दिवशी सुरू झालं. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या: तुळशीपत्र, गंगाजल, सोन्याचा कण, काळे तीळ, मडकं. दाहिनी दफनभूमीच्या आवारात, आणि आत मडकं फोडता येणार नाही, म्हणून त्यांनी बाहेर हिरवळीवर जागा काढून दिली. माझा भाऊ तीन फेऱ्या घालत होता तेव्हा त्या थोड्या अंतरावर हात जोडून उभ्या होत्या. बाबांच्या पेसमेकरचं आम्हा कुणाच्याच लक्षात नव्हतं. तो आधी काढावा लागतो, आगीत त्याची बॅटरी फुटते. तेही त्यांनीच विचारलं. आणि मी म्हटलं की आम्ही अस्थी सावडतो, तर म्हणाल्या, "इथे दळून पूड करून देतात. तुम्हाला तशाच हव्या असतील तर मला आत्ताच सांगून ठेवावं लागेल." ते मला कोण सांगणार होतं?

त्यानंतर त्यांच्याकडे माझं जाणं-येणं राहिलं. एकदा त्यांनी पणजोबांची खतावणी दाखवली. एकाच पानावर ओळीनं नोंदी: जेवणाचं टेबल, झुलती खुर्ची, लहान मुलाची शवपेटी, कपाट. पणजोबा फर्निचर करणारे सुतार होते.

मग मी वाचायला लागले आणि कळलं, की या देशातल्या असंख्य फ्युनरल होमांची सुरुवात अशीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथेही माणूस घरीच जायचा आणि घरूनच निघायचा. शेजारपाजारच्या जाणत्या बायका त्याला अंघोळ घालून कपडे करायच्या, बैठकीच्या खोलीत रात्रभर बसायच्या. पेटी गावातला सुतार करायचा. घोडागाडी तबेलेवाल्याकडून यायची. हळूहळू एखादा सुतार पेटीबरोबर गाडीची सोयही बघायला लागला, मग खड्ड्याची, मग पाद्र्याला निरोप देण्याची. "मी हे सगळं अंगावर घेतो" म्हणणारा तो 'अंडरटेकर'.

मोठा बदल घडवला तो यादवी युद्धानं, १८६१ ते १८६५. उत्तरेतली पोरं शेकडो मैल दूर दक्षिणेत मरत होती आणि आयांना त्यांची तोंडं बघायची होती. देह टिकवून आगगाडीनं घरी पाठवायची विद्या, म्हणजे एम्बामिंग, तेव्हा पसरली. डॉ. थॉमस होम्स यांचं नाव त्यात अग्रभागी येतं. आपण चार हजारांवर देह असे जतन केले असं ते सांगत. औषधात तेव्हा आर्सेनिक असायचं, फॉर्मलिन पुढे १८९०च्या दशकापासून आलं. आणि १८६५च्या एप्रिलमध्ये लिंकन गेले. त्यांचा देह आगगाडीनं वॉशिंग्टनहून इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला नेला, दफन झालं ४ मे रोजी. वाटेत शहराशहरांत थांबून लोकांना अंत्यदर्शन दिलं. ती गाडी आमच्या इथल्या ट्रेंटन आणि नुअर्कवरून गेली होती. मेलेल्या माणसाचं शांत तोंड इतक्या दिवसांनी बघायला मिळतं, हे लाखो लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ज्या सुताराला ही विद्या येत होती त्याचं गावातलं स्थान बदललं. १८८२ साली त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. 'अंडरटेकर' मागे पडून 'फ्युनरल डायरेक्टर' हा शब्द आला.

विसाव्या शतकात शहरांतली घरं लहान झाली, लोक इस्पितळांत मरायला लागले, आणि बैठकीच्या खोलीत देह ठेवणं बंद झालं. तेव्हा या घराण्यांनी मोठी घरं घेतली. खाली ती हरवलेली बैठकीची खोली, वर स्वतःचा संसार. नावात म्हणून 'होम'. बाई सांगतात, लहानपणी खाली कुणी 'असलं' की वर पळायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, कांदा परतायचा नाही. आणि रात्री दोनला फोन वाजला तरी तिसऱ्या घंटेच्या आत उचलायचा, हे सहाव्या वर्षापासून माहीत.

यातली मला सर्वांत नवल वाटलेली गोष्ट: १९६०-७०च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या कित्येक गावांत रुग्णवाहिका फ्युनरल होमच चालवायचं. कारण माणसाला आडवं नेता येईल अशी लांब गाडी गावात त्यांच्याकडेच असे. आमच्या बाईंच्या वडिलांनी बाळंतिणी पोचवल्या आहेत त्या गाडीतून. पुढे सरकारी नियम कडक झाले, शिकलेले कर्मचारी लागले, आणि ते काम त्यांच्याकडून गेलं.

आता मुद्द्यावर येते. या बाईंकडे चार पिढ्यांच्या वह्या आहेत. गावात कोण कधी गेलं, काय नेसवलं, कुणी पैसे नंतर दिले, कुणाकडून घेतलेच नाहीत, सगळं. आपल्याकडे हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी घराणी आहेतच की! तिरडी बांधणारे, सामानाचं दुकान चालवणारे, सरण रचणारे, क्रिया चालवणारे. त्यांचा इतिहास कुणी लिहिला आहे का? मला तरी कुठे सापडला नाही, आणि याची मला मनापासून टोचणी आहे. तुमच्या गावातली अशी घराणी माहीत असतील तर इथे लिहा. नावं नकोत, काम लिहा.

---

पागोळी

रानजाई, सकाळी कामावर जायच्या आधी वाचायला घेतलं आणि बस चुकली. वहीतलं मराठी पान डोळ्यांसमोर आलं.

आमच्या कोकणात क्रिया चालवणाऱ्या ब्राह्मणाला किरवंत म्हणतात. लहानपणी आमच्या गावी एकच घर होतं. दहाव्याला, अकराव्याला त्यांच्याशिवाय पान हलत नसे, पण लग्नामुंजीला त्यांना बोलावणं नाही. त्यांच्या मुलींना स्थळं मिळायला किती त्रास झाला ते मी आजीकडून ऐकलं आहे. आजोबांच्या वेळी ते मुसळधार पावसात नदी ओलांडून आले होते. आजीनं त्यांना माजघरात बसवून जेवायला वाढलं, म्हणून आळीतल्या चार बायका तिच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. त्या घरातलं पुढे कुणीच ते काम करायला राहिलं नाही, आणि मला त्यांना दोष देता येत नाही.

---

संत्रानगरी

लेख आवडला, पण एक वेगळं मत मांडतो. आमच्याकडे नागपुरात अजून गल्ली धावून येते. घाटावर जायला अर्ध्या तासात शंभर माणूस जमतो. हे सगळं पैसे देऊन परक्याकडे सोपवायचं, ही काही आदर्श पद्धत वाटत नाही मला. आणि तिथली शवपेट्यांची नि सजावटीची बिलं ऐकून आहे. दुःखात बुडालेला माणूस घासाघीस करू शकत नाही, हे ओळखूनच हा धंदा चालतो ना?

---

रानजाई

संत्रानगरी, तुमचा आक्षेप खरा आहे आणि इथल्याच लोकांनी तो फार जोरानं मांडला. १९६०च्या दशकात त्यावरून मोठं वादळ उठलं. त्यातून पुढे १९८४ साली 'फ्युनरल रूल' हा केंद्रीय नियम लागू झाला. फोनवर विचारलं तरी दर सांगावेच लागतात. समोर गेल्यावर बाबवार दरपत्रक हातात द्यावं लागतं. दहन करायचं असेल तर महागडी पेटी घ्यायलाच हवी असं म्हणता येत नाही. बाहेरून पेटी आणली तर त्याचा दंड लावता येत नाही. इथल्या मराठी मंडळींनी हे पाठ करून ठेवावं, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि गल्ली धावून येते ते सोनं आहे, जपा. माझ्याकडे गल्ली नव्हती. त्या सकाळी माझी गल्ली म्हणजे ते एक घर होतं.

अजून एक. बाहेर कौटुंबिक नाव असलं तरी आत मालक ते कुटुंब असेलच असं नाही. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये रॉबर्ट वॉल्ट्रिप यांनी एक कंपनी काढली, सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल. ते स्वतः घरच्याच फ्युनरल होममध्ये वाढलेले. कंपनीनं देशभरची अशी घराणी विकत घेतली, पण पाट्या बहुधा तशाच ठेवल्या. आज तिच्याकडे हजारावर फ्युनरल होम आहेत. लोक त्या जुन्या नावाकडेच येतात, हे वॉल्ट्रिप यांना पुरतं ठाऊक होतं. आमच्या बाईंनाही विचारणा झाली होती. त्यांनी नाही म्हटलं. त्यांचा मुलगा नाही म्हणेल का, हे त्यांना ठाऊक नाही.

---

टेम्सकाठी

लंडनहून भर घालतो. इथे कॅम्डनमध्ये लेव्हर्टन म्हणून एक घराणं आहे, १७८९पासून याच कामात. मूळ पुरुष डेव्हनहून आलेला सुतार. बघा, पुन्हा सुतारच! १९९१पासून राजघराण्याचं काम त्यांच्याकडे आहे. १९९७ साली डायनाचं, २००२ साली राणीच्या आईचं आणि २०२२ साली राणी एलिझाबेथचं लंडनमधलं काम त्यांनीच पाहिलं. राणीची ओकची, आतून शिशाचा पत्रा लावलेली पेटी तीसेक वर्षं आधीच करून ठेवलेली होती. ती आधीच्या फर्मकडून त्यांच्याकडे आली. गिऱ्हाईक जिवंत असताना तीन दशकं तिची पेटी सांभाळायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही! हेच घराणं त्याच आठवड्यात कॅम्डनमधल्या साध्या निवृत्त बसचालकालाही पोचवत असतं.

आणखी एक जागा सांगतो. ब्रायटनजवळ पॅचमच्या टेकडीवर छत्री आहे, आपल्याकडे समाधीवर बांधतात तशी, संगमरवरी. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या इस्पितळांत होते. त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख जवानांना तिथे उघड्यावर अग्नी दिला. १९२१ साली स्मारक झालं. मी दर जूनमध्ये जातो, तिथे मानवंदना असते. अग्नी दिला तेव्हा त्या जवानांच्या घरच्यांपैकी कुणीही तिथे नव्हतं. सरण कुणी रचलं असेल, हाच विचार मनात येतो.

---

शिकागोचा_वारा

रानजाई, कृष्णवर्णीयांच्या फ्युनरल होमांबद्दल लिहिल्याशिवाय अमेरिकेची ही गोष्ट पुरी होत नाही, म्हणून लिहितो. गोरे अंडरटेकर कृष्णवर्णीयांचे देह घेत नसत, किंवा मागच्या दारानं घेत. त्यामुळे त्यांच्यातलीच घराणी उभी राहिली, आणि पिढ्या गेल्या तशी ती समाजाचा कणा झाली. त्यांचं पोट गोऱ्या मालकावर अवलंबून नव्हतं, म्हणून ती बोलू शकत होती.

१९५५ साली मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलला हाल करून मारलं. देह शिकागोला आला तो पेटी उघडायची नाही या अटीवर. इथल्या ए. ए. रेनर यांच्या फ्युनरल होममध्ये त्याची आई मेमी टिल म्हणाली, उघडा. आणि पुढे म्हणाली, पेटी उघडीच ठेवा, जगाला बघू दे. हजारो लोक रांगा लावून बघून गेले, छायाचित्रं छापून आली. त्या दर्शनानं नागरी हक्कांच्या चळवळीला केवढा जोर चढला! ती पेटी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. मी तिच्यापुढे उभा राहिलो आहे. तिथे कुणीही मोठ्यानं बोलत नाही.

---

दवबिंदू

वाचनखूण साठवली. रानजाई, अस्थी भारतात न्यायच्या असतील तर काय लागतं? मावशींच्या बाबतीत विचारते आहे.

---

रानजाई

दवबिंदू, मावशींबद्दल ऐकून वाईट वाटलं. दहनाचा दाखला आणि मृत्यूचा दाखला बरोबर ठेवा, आणखी काही लागतं का ते वकिलातीला विचारा. कलश धातूचा नको, लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या, विमानतळावर क्ष-किरणात आरपार दिसायला हवा. सामानात टाकू नका, हातात न्या. देहच न्यायचा असेल तर एम्बामिंगचा दाखला, वकिलातीचं पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट लागतो. हे सगळं फ्युनरल होमवालेच करून देतात. बऱ्याच राज्यांत दहनाआधी २४ किंवा ४८ तास थांबावंच लागतं, त्यामुळे नातेवाईक वेळेत पोचतील का, या काळजीनं उगाच धावपळ करू नका.

उलट्या दिशेनं झालेला एक प्रवास माहीत आहे का? डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा इथे अमेरिकेत आली, थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे, ज्यांना त्या मावशी म्हणत. कार्पेंटरबाई आमच्या न्यू जर्सीतल्या रोझेलच्या. त्यांनी ती रक्षा न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या घरच्या जागेत ठेवली. दगड आहे, त्यावर नाव आहे. आम्ही काही जणी दरवर्षी जाऊन फुलं ठेवतो. परक्या घराण्यानं आपल्या माणसांच्या रांगेत एका मराठी मुलीला जागा दिली, त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली.

---

गिरगावकर

रक्षेवरून आठवलं. आधुनिक काळात अमेरिकेतली पहिली दाहिनी पेनसिल्व्हेनियात एका डॉक्टरांनी, लेमॉइन यांनी, बांधली. १८७६च्या डिसेंबरात तिथे पहिलं दहन झालं ते एका बॅरन द पाम यांचं, आणि ते घडवून आणलं थिऑसॉफिकल सोसायटी या अध्यात्मविचाराच्या संस्थेचे एक संस्थापक कर्नल ऑल्कट यांनी. हेच ऑल्कट १८७९ साली सहसंस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाईंबरोबर मुंबईत उतरले आणि आमच्या गिरगावात राहिले. इथून सोनापूरची चितेची जागा जवळच. त्यांनी ती पाहिलीच असणार असं मला वाटतं.

---

रानजाई

गिरगावकर, हा धागा मला माहीतच नव्हता. धन्यवाद! त्या पहिल्या दहनावर तेव्हा वर्तमानपत्रांनी भरपूर टीका केली होती. १९७०च्या सुमारास इथे शंभरात पाच जणांचंही दहन होत नसे. २०१५मध्ये दहनं दफनांच्या पुढे गेली आणि आता साठाच्या आसपास आहेत. पेटी, कबर, दर्शन यांवर उभी असलेली जुनी घराणी त्यामुळेच अडचणीत आली. आमच्या बाईंनी तग धरला तो त्या वहीवर. न्यू जर्सीतल्याच एडिसन भागातली भारतीय घरं त्यांच्याकडे येतात.

---

तांबडापांढरा

कोल्हापूरचा हाय, म्हणून शेणीदानाचं, म्हणजे गोवऱ्या दान करण्याचं, सांगतो. आमच्या पंचगंगा स्मशानात दहनाला घरच्यांकडून पैसे घेत नाहीत, महापालिका करते. दहन शेणींवर. होळी आली की तालमी, मंडळं, बायकांचे गट सांगत फिरतात, होळी लहान करा आणि शेणी दान करा. ट्रॅक्टर भरून शेणी येतात. आमच्या आईनं थापलेल्या शेणी मी सायकलवरनं नेऊन दिल्यात. आपण दिलेली शेणी कुणाच्या सरणाला लागली हे कळत नाही, आणि कळायची गरजबी वाटली नाही कधी.

पण तिथं रात्रंदिवस काम करणाऱ्या माणसांची नावं मला सांगता येणार नाहीत, एवढ्या वेळा जाऊन. हा धागा वाचल्यावर ते लागलं मनाला.

---

चांदणवेळ

गेले तीन दिवस हा धागा उघडतोय आणि बंद करतोय. आज लिहितो.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मयताच्या सामानाचं दुकान आहे. पणजोबांनी सुरू केलं, आता वडील बसतात, चौथ्या पिढीचा चुलतभाऊ मदतीला. मी पुण्यात नोकरी करतो. इथे कंपनीत कुणालाही घरचा धंदा सांगितलेला नाही. 'किराणा' म्हणतो.

पणजोबा बुरूड. सुपं, टोपल्या, कणग्या विणायचे. कुणी गेलं की बांबू मागायला लोक आमच्याच दारात. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, काथ्या. मग लोक म्हणायला लागले, मडकंही ठेवत जा, कुंभारवाडा लांब आहे. मग कोरं कापड, गुलाल, बुक्का, राळ, कापूर, दर्भ, काळे तीळ. असं करत दुकान झालं. तुमच्या त्या सुताराची गोष्ट वाचली आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. आमचीच गोष्ट की ही!

दुकानाला दार असून नसल्यासारखं. फळ्या लावतो, पण एक फळी हलवली की घरात आवाज येतो. रात्री कुणी फळी वाजवली की आजोबा "कोण?" असं विचारत नसत. "पुरुष का बाई?" एवढंच. बाई असेल तर पुढचा प्रश्न, "सवाष्ण?" मग हिरवं लुगडं, चुडा, कुंकू वेगळं काढायचं. आलेल्या माणसाला बोलायला लागू नये म्हणून प्रश्न इतकेच. सामान एका गाठोड्यात ठरलेल्या क्रमानं बांधतात, स्मशानात जे शेवटी लागतं ते तळाला. आम्ही कुणाला "या" म्हणत नाही आणि घेणाराही "येतो" म्हणत नाही. घासाघीस कुणी करत नाही, म्हणून भाव आपणच नेमका लावायचा, ही पणजोबांची ताकीद. संत्रानगरी यांनी विचारलं होतं म्हणून सांगतो.

तिरडी आजोबा अशी बांधायचे की खांदेकऱ्यांतला एक बुटका असला तरी ती कलायची नाही. पोर आधी बघून यायचं, कोण खांदा देणार, उंची किती. कामटीची धार कापडाला लागू नये म्हणून पाठ वर घ्यायची. लहान मुलासाठी तिरडी लागत नाही, हातावरच नेतात, तेव्हा आजोबा पैसे न घेता पांढरं कापड द्यायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत.

कोरोनात वडिलांनी दुकान एक दिवस बंद ठेवलं नाही. तिरडी लागतच नव्हती, पिशवीतून थेट नेत होते. तरी लोक यायचे. घरचं कुणी जवळ जाऊ शकत नाही, निदान तुळस आणि कापड तरी पोचवा म्हणायचे. वडील स्मशानाच्या फाटकापर्यंत नेऊन द्यायचे. मी फोनवर ओरडायचो, बंद करा म्हणून. ते म्हणाले, "आणि त्यांनी जायचं कुठं?"

---

पागोळी

चांदणवेळ, लिहिलंत हे फार बरं केलंत. 'किराणा' सांगावं लागतं, ही आम्हा ऐकणाऱ्यांचीच चूक आहे.

---

संत्रानगरी

चांदणवेळ, माझे शब्द मागे घेतो. आमच्या गल्लीत शंभर माणूस जमतो खरा, पण ते गाठोडं कुणीतरी आधीच नीट बांधून ठेवलेलं असतं. ते मी कधी पाहिलं नव्हतं. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

---

रानजाई

चांदणवेळ, तुमचा प्रतिसाद मी इथल्या बाईंना इंग्रजीत सांगितला, ओळ न ओळ. कामटीची पाठ वर घेण्यापाशी त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. म्हणाल्या, माझे आजोबा पेटीच्या आतल्या खिळ्यांची टोकं बोटानं चाचपून बघायचे. आत झोपणाऱ्याला टोचणार नसतं, हे त्यांनाही माहीत होतं.

एक विचारू का? तुमच्याकडे वह्या आहेत?

---

चांदणवेळ

शनिवारी गावी गेलो होतो. वडिलांना विचारलं. ते आधी काही बोलले नाहीत, जेवण झाल्यावर माळ्यावर चढले. पत्र्याच्या पेटीत लाल बासनातल्या अकरा वह्या आहेत. दोन वाळवीनं गेल्या. सर्वांत जुनी आहे तिच्यात वरची पानं सुपं आणि टोपल्यांची, आणि मध्येच एक ओळ, 'बांबू २, काथ्या, मडके १'. तुमच्या खतावणीसारखंच.

उधारी मांडलेली आहे, पण पुष्कळ ठिकाणी रकमेच्या जागी नुसती आडवी रेघ. वडील म्हणाले, ती रेघ म्हणजे मागायचे नाहीत. आणि बेवारस असेल तिथे नावाच्या जागी कुठं सापडला ते लिहिलंय: 'बाजारतळ', 'एसटी स्टँड', 'नदीचा पूल'. त्यांचं सामान कुणी सांगितलं म्हणून दिलं, असं विचारलं. "पोलीस पाटील सांगायचा, नाहीतर आबा आपणच जायचे."

पानांचे फोटो काढायला घेतलेत. मोडी वाचणारं कुणी इथे आहे का? पहिल्या दोन वह्या मोडीत आहेत, घरात आता कुणालाच येत नाही.

---

गिरगावकर

मला येते. व्यक्तिगत निरोपात पाठवा. रोज एक पान करत जाईन.

---

चांदणवेळ

पाठवली पहिली दहा. वडिलांनी विचारलंय, वहीतली नावं बाहेर जाणार नाहीत ना? तेवढं सांभाळा.

---

गिरगावकर

नावं गाळून देतो. रेघा तशाच ठेवतो.